सुक्याबरोबर ओलें

परसांतल्या एखाद्या झाडाच्या पानाला भोंक पडलेलें दिसलें कीं हल्लीं आपल्या घरांतून एकच प्रश्न ऐकूं येतो : "यावर काय मारायचें?" भोंक कोणीं पाडलें, केव्हां पाडलें, त्यामुळें झाडाचें खरोखर किती नुकसान होणार आहे, हें कोणी विचारीत नाहीं. दुकानदार एक बाटली काढून देतो, तिचा फवारा झाडावर उडतो, दुसऱ्या दिवशीं कुंडीखालीं चार-दोन किडे मरून पडलेले दिसतात, आणि आपण कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानानें हात धुतों. त्या मेलेल्या किड्यांत चोर कोण होता आणि पाहुणा कोण होता, याची चौकशी मात्र होत नाहीं. सुक्याबरोबर ओलेंहि जळतें अशी आपल्याकडे म्हण आहे. आपल्या घरगुती बागांतून आज नेमकें हेंच चाललें आहे. तें थांबविण्यास पैसा लागत नाहीं, ओळख लागते. कोणत्याहि किड्यावर हात उचलण्यापूर्वीं तो कोण आहे हें जाणून घेणें, हा बागकामाचा पहिला नियम असावा, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

हा नियम मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. स्वतःच्या चुकीनें शिकलों. कांहीं वर्षांपूर्वीं मृगाचा पाऊस पडतांच मीं परसांतील भिंतीलगत दुधी भोपळ्याचें बीं लावलें. आठवड्यानें रोपें वर आलीं आणि त्यांच्यामागोमाग तांबडे भुंगेरेहि आले. कोंवळ्या पानांची त्यांनीं चाळण करून टाकली. मीं बाजारांतून एक कीटकनाशक भुकटी आणली व रोपांवर टाकली. येथवर मला कोणी फारसा दोष देणार नाहीं. परंतु भुंगेरे नाहींसे झाल्यावरहि माझा हात थांबला नाहीं. वेल मांडवावर चढला, पसरला, पांढऱ्या फुलांनीं भरून गेला, तरी दर आठवड्यास मी पानाफुलांवर ती भुकटी झाडीतच होतों. न जाणो, भुंगेरे पुन्हां आले तर! श्रावण सरला, तरी दुधी एकहि नाहीं. बोटाएवढीं फळें दिसत, पिवळीं पडत आणि गळून जात. खत कमी पडलें असेल म्हणून मीं खत घातलें. वेल अधिकच माजला, फळ कांहीं धरेना.

गौरी-गणपतीला कोंकणांतून माझी आत्या आली. तिनें मांडवाखालीं उभें राहून वर पाहिलें आणि विचारलें, "अरे, तिन्हीसांजेला इथें कधीं बसला आहेस का?"

मी म्हणालों, "सकाळीं रोज पाहतों कीं, आत्या."

"दुधी फुलतो दिवेलागणीला आणि तूं बघतोस उजाडल्यावर! तुला काय दिसणार? आज माझ्याबरोबर बस."

त्या सायंकाळीं आम्हीं दोघें मांडवाखालीं बसलों. ऊन उतरलें तशा कळ्या एकामागून एक उलगडूं लागल्या. आत्यानें मला दोन प्रकारचीं फुलें दाखविलीं. लांब देठावरचें, मागें कांहीं नसलेलें फूल तें नर. आणि ज्याच्या पाठीशीं इवलासा दुधी आधींपासूनच असतो तें मादी. नराचा पराग मादीपर्यंत कोणीं पोंचविला नाहीं तर तो इवलासा दुधी वाढत नाहीं, सुकून गळतो. हें पोंचविण्याचें काम अंधार पडतांना फिरणाऱ्या पतंगांचें. "आमच्या परसांत या वेळीं नुसती घरघर असते पतंगांची," आत्या म्हणाली, "तुझ्याकडे एक तरी आला का?"

आम्हीं दिवे लागून बराच वेळ होईपर्यंत बसलों. एकहि पतंग आला नाहीं. शेवटीं तिनें एक नर फूल खुडलें, त्याच्या पाकळ्या काढल्या, आणि आंतला पिवळा पराग मादी फुलाच्या मध्यभागीं हलक्या हातानें टेकविला. पुढचे कांहीं दिवस रोज सायंकाळीं मी तेंच करीत राहिलों, आणि त्या वर्षीं माझ्या वेलास सात दुधी आले.

माझ्या भुकटीनेंच सारे पतंग मेले, असें मी शपथेवर सांगणार नाहीं. त्या वर्षीं सायंकाळच्या सरीहि पुष्कळ होत्या, आणि भर पावसांत पतंग येत नाहींत. परंतु ज्या फुलांत त्यांना मध मिळावयाचा त्या फुलांवर मीं विष टाकून ठेविलें होतें, हें तर खरें! शिवाय, शत्रु निघून गेल्यानंतरहि दीड महिना मी लढत होतों, तो कोणाशीं?

तेव्हांपासून मी फुलांचें वेळापत्रक पाहूं लागलों. शाळेच्या वेळापत्रकापेक्षां तें कमी नेमकें नसतें. दुधी आणि दोडका हे दोघेहि दिवस कलल्यावर फुलतात. त्यांचेच भाऊबंद असलेले तांबडा भोपळा, घोसाळें व कारलें मात्र सकाळीं फुलतात, आणि तांबड्या भोपळ्याचें तें मोठें पिवळें फूल दुपार होण्यापूर्वींच मिटून जातें. तेवढ्या थोड्या तासांत सातेरी मधमाशी किंवा इवलीशी फुलोरी माशी त्याच्याकडे येऊन गेली, तरच भोपळा धरावयाचा. म्हणून सकाळीं आठ वाजतां भोपळ्याच्या वेलावर विषारी फवारा मारणारा मनुष्य, जेवावयास बोलाविलेल्या पाहुण्याच्या पानांत स्वतःच्या हातानें विष वाढीत असतो.

वांग्याची गोष्ट याहून नवलाची आहे. वांग्याच्या फुलांत पराग उघड्यावर नसतो. मधोमध दिसणाऱ्या पिवळ्या नळ्यांत तो कोंडलेला असतो, आणि प्रत्येक नळीच्या टोंकास बारीक छिद्र असतें. मिठाची डबी हालविल्याशिवाय मीठ पडूं नये, तसा हा प्रकार आहे. मोठा काळा भुंगा येतो, फुलाला पायांनीं घट्ट धरतो, आणि पंख न उघडतां अंगांतील स्नायु असे थरथरवितो कीं त्या कंपानें पराग त्याच्या अंगावर सांडतो. मधमाशीला ही युक्ति साधत नाहीं. वाऱ्यानें फूल हालूनहि वांग्यास कांहीं फळें धरतात. परंतु भुंगा येऊन गेल्यास तीं अधिक धरतात. हाच भुंगा पडवीच्या वाशाला भोंकें पाडतो म्हणून आपण त्याला झाडूनें मारतों. आणि मग वांग्यास फळ कां धरत नाहीं म्हणून दुकानांत औषध विचारतों.

पाहुण्यांइतकीच ओळख पहारेकऱ्यांचीहि असावी लागते. घेवड्याच्या कोंवळ्या शेंड्यावर मावा पडला म्हणजे थोड्याच दिवसांत तेथें ढालकिडे येतात. ठिपक्यांचा, लहानशा ढालीसारखा तो किडा मुलांना आवडतो, म्हणून तो वांचतो. परंतु त्याचें पिल्लू तसें देखणें नसतें. तें लांबट, काळसर, कांटेरी, इवल्याशा सुसरीसारखें दिसतें, आणि आपण तेंच आधीं चिरडून टाकतों. वास्तविक मावा खाण्यांत तें आपल्या आईबापांस हार जात नाहीं. तसेंच, माव्यांत मधूनच एखादा फुगलेला, तपकिरी, हालचाल न करणारा दाणा दिसतो. तो मेलेला मावा असतो. डोळ्यांस दिसेल न दिसेल अशी गांधीलमाशीच्या जातीची चिमुकली माशी त्याच्या पोटांत अंडें घालून गेलेली असते, आणि तिचें पिल्लू त्याला आंतून खाऊन मोठें होत असतें. असे दाणे दिसले तर समजावें कीं आपल्या मदतीस सैन्य आलें आहे. तेथें फवारा मारणें म्हणजे स्वतःच्या सैन्यावर तोफ डागणें होय.

उलट, कांहीं वेळां खरा मदतनीस चोराचा असतो, आणि तो आपल्यास दिसूनहि कळत नाहीं. जास्वंदीवर पांढरा, कापसासारखा पिठ्या ढेकूण पडला म्हणजे मुंग्यांची रांग लागते. मुंग्या त्याला खावयास आल्या असाव्यात असें पुष्कळांना वाटतें. त्या त्याच्या अंगांतून पाझरणारा गोड चिकटा चाटावयास येतात, आणि त्या मोबदल्यांत ढालकिड्यांना हुसकून लावून ढेकणांचें रक्षण करतात. मुंग्यांची वाट बंद केली तर अर्धें काम झालें.

यावर कोणी विचारील, "मग किडींना मोकळें रान द्यावें काय?" मुळींच नाहीं. मी दयेचा उपदेश करीत नसून विवेकाचा करीत आहें. कढीलिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते. ती मोठी होऊन हिरवी होते, डिवचल्यास डोक्यामागून तांबूस दुशिंगी अवयव बाहेर काढते, आणि पुढें तिचें सुंदर फुलपांखरूं होतें. मोठ्या झाडावर अशा पांच अळ्या असल्या तर त्यांना त्यांचा वांटा खाऊं द्यावा. झाडाला तें कळतहि नाहीं. परंतु कुंडींतील वीतभर लिंबाच्या कलमावर दोन अळ्याहि फार होतात. त्यांना उचलून मोठ्या झाडावर सोडावें. अळी तीच, पण निर्णय निराळा. असा निर्णय बाटलीवरील छापील कागद करूं शकत नाहीं. तो झाडासमोर उभें राहूनच करावा लागतो.

उपायहि पायरीपायरीनें करावे. तांबडे भुंगेरे पहाटे थंडीनें सुस्त असतात. त्या वेळीं ते हातानें वेंचून साबणाच्या पाण्यांत टाकतां येतात. माव्यावर पाण्याची जोराची धार मारली तर तो खालीं पडतो आणि बहुतेक परत चढत नाहीं. वांग्याचा शेंडा एकाएकीं माना टाकूं लागला तर आंत अळी शिरली असें समजून तो शेंडा खालपर्यंत कापावा व अळीसकट नष्ट करावा. तेथेंच टाकून दिला तर अळी दुसऱ्या झाडाकडे जाते. एवढ्यानें भागलें नाहीं तर निंबोळीचा अर्क आहे. वाळलेल्या निंबोळ्यांच्या ५० ग्रॅम चुऱ्याची पुरचुंडी एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवावी, सकाळीं पिळून पाणी गाळून घ्यावें, चिमूटभर साबण मिसळावा, आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूस फवारावें. उन्हानें त्याचा गुण लवकर उतरतो. आणि तोहि उमललेल्या फुलांवर उडवूं नये.

कित्येकदां तर रोग किडीचा नसतोच. तो आपल्या लाडाचा असतो. रोज पाणी घालून कुंडीची माती चिखल झाली म्हणजे मुळें कुजतात आणि पानें पिवळीं पडतात; आपण त्यावर औषध मारतों. खत प्रमाणाबाहेर दिलें म्हणजे लुसलुशीत फुटवे येतात आणि माव्याला मेजवानी मिळते. बोटाचें एक पेर मातींत घालून ती ओली आहे कीं कोरडी हें पाहणें, याइतकें स्वस्त औषध दुसरें नाहीं.

कीटकनाशकें हीं शास्त्राचीच देणगी आहे, मग त्यांना नांवें कां ठेवावीं, असा आक्षेप सुशिक्षित पालकांकडून येतो. त्याला उत्तर दिलें पाहिजे. डी. डी. टी.चा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनीं १९३९ सालीं शोधून काढला आणि १९४८ सालीं त्यांना त्यासाठीं नोबेल पारितोषिक मिळालें. हिंवतापाच्या डांसांशीं लढतांना त्या द्रव्यानें असंख्य प्राण वांचविले, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. परंतु त्याच्या सरसकट वापरानें पक्षी व मासे यांची हानि होते, हें राशेल कार्सन यांनीं १९६२ सालीं आपल्या ग्रंथांत जगापुढें मांडलें. अनेक किडींना त्या विषाची संवयहि झाली. आणि १९८९ सालीं आपल्या देशानें शेतींत त्याचा वापर बंद केला. म्हणजे शास्त्रानेंच दिलें, आणि अधिक पाहिल्यावर शास्त्रानेंच आवरलें. अधिक पाहणें हेंच तर शास्त्र!

याचें जवळचें उदाहरण पपईचें आहे. पपईवरील परदेशी पिठ्या ढेकूण २००८ सालीं कोइमतूर येथें प्रथम आढळला आणि पाहतां पाहतां पपई, तुती इत्यादि पिकांवर पसरला. फवारे मारूनहि तो हटेना, कारण त्याच्या अंगावरील मेणकट आवरणामुळें विष आंत पोंचणें कठीण जातें. शास्त्रज्ञांनीं त्याचें मूळ घर शोधलें. तें मेक्सिकोकडील प्रदेशांत होतें. तिकडील त्याचे नैसर्गिक वैरी असलेल्या चिमुकल्या परोपजीवी माश्या २०१० सालीं पोर्तोरिको येथून आणून सोडल्या, आणि त्यांनीं त्याला आटोक्यांत आणलें. बाटलीनें जें झालें नाहीं तें ओळखीनें झालें.

मी शेतकऱ्याला उपदेश करीत नाहीं. ज्याचें वर्षाचें पोट एका पिकावर आहे आणि ज्याच्यापुढें एकरांनीं रान पसरलें आहे, त्याच्या अडचणी निराळ्या आहेत. परंतु ज्याच्या घरीं दहा कुंड्या आणि एक मांडव आहे, त्याला दोन हात व दोन डोळे पुरेसे आहेत. आपल्यावर तशी कोणतीच सक्ति नाहीं. मग आपल्या घाईला सबब कोणती?

आणि घरांत मुलें आहेत. २०१३ सालच्या जुलै महिन्यांत बिहारमधील सारण जिल्ह्यांत एका प्राथमिक शाळेच्या मध्यान्ह भोजनांतून मोनोक्रोटोफॉस नांवाचें कीटकनाशक पोटांत गेलें आणि २३ मुलें दगावलीं. कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यांत ठेविलेलें तेल स्वयंपाकास वापरलें गेलें होतें. तुमच्यापेक्षांहि लहान असलेलीं तीं मुलें शाळेंत शिकावयास आलीं होतीं. म्हणून पालकांना माझी हात जोडून विनंती आहे कीं घरांत विष आणूंच नये. आणलेंच तर मूळच्या बाटलींतून दुसऱ्या बाटलींत, विशेषतः सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलींत, कधींहि ओतूं नये, आणि रिकामा डबा कोणत्याहि कामास वापरूं नये.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांला वाटेल कीं पाहणें, ओळखणें हें मोठ्या विद्वानांचें काम आहे. म्हणून एका मुलाची हकीकत सांगतों. हिंदी महासागरांतील रियुनियन बेटावर फ्रेंच लोकांनीं मूळचे मेक्सिकोकडील व्हॅनिलाचे वेल आणून लावले होते. वेल वाढले, फुललेहि. पण शेंग धरेना, कारण त्या फुलांकडे येणारे कीटक दूर आपल्या मायदेशीं राहिले होते. व्हॅनिलाचें फूल एकच दिवस टिकतें. एडमंड आल्बियस नांवाचा एक गुलाम मुलगा तेथील एका मळेवाल्याकडे होता. त्याला शाळा मिळाली नव्हती. मात्र कलिंगडाच्या जातीच्या वेलावर हातानें पराग कसा लावावा, हें धन्यानें त्याला दाखविलें होतें. १८४१ सालीं, वयाच्या अवघ्या बाराव्या वर्षीं, त्यानें व्हॅनिलाचें फूल निरखून पाहिलें, आंतला पातळ पडदा बारीक काडीनें उचलला, आणि अंगठ्यानें पराग योग्य जागीं दाबला. शेंग धरली. आजहि मळ्यांतून व्हॅनिलाच्या फुलांना याच रीतीनें हातानें पराग लावतात. १८४८ सालीं गुलामगिरी संपल्यावर त्याला स्वातंत्र्य मिळालें, परंतु त्याच्या शोधाचा पैसा दुसऱ्यांस मिळाला. तो १८८० सालीं दारिद्र्यांतच वारला. ज्याला अक्षरओळख नव्हती त्याला फुलाची ओळख होती. आपल्याला अक्षरें येतात. तेव्हां आपल्याकडून निदान तितकी अपेक्षा करावयास हरकत नाहीं.

पालकांनीं या कामांत एवढेंच करावें कीं मुलाला झाडासमोर बसूं द्यावें. संध्याकाळीं अर्धा तास वेलाखालीं बसलेला मुलगा किंवा मुलगी अभ्यास चुकवीत आहे, असें समजूं नये. एक लहानशी वही त्याच्या हातीं द्यावी. कोणतें फूल किती वाजतां उमललें, त्याकडे कोण आलें, पानावर काय दिसलें, तें त्यानें तींत लिहावें. आणि घरचा नियम असा असावा कीं वहींत ज्याची नोंद नाहीं त्या किड्यावर कोणताहि उपाय करावयाचा नाहीं. एक दिवस थांबल्यानें कोणतेंहि झाड मरत नाहीं.

माझी आत्या आतां नाहीं. दरवर्षीं मृगांत मी भिंतीलगत दुधी लावतों. भुंगेरे येतात, पहाटे उठून ते वेंचतों. श्रावणांत वेल फुलला कीं तिन्हीसांजेला मांडवाखालीं जाऊन बसतों. एखादे वर्षीं फळें थोडीं येतात, एखादे वर्षीं शेजाऱ्यांना वांटून उरतात. परंतु दिवेलागण झाली आणि पांढऱ्या फुलांजवळ ती ओळखीची घरघर ऐकूं आली, म्हणजे बाटली घरांत नाहीं याचें मला समाधान वाटतें.

— एक शिक्षक